ओळखीचं वाटतं, पण येतं का?

“ताई, माझं वय २९. सात वर्षं एका कंपनीत हिशेब बघते. दोन वर्षांपासून आयटीत जायचं डोक्यात आहे. नेटवर्किंगपासून सुरुवात कर असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून कॉम्पटिया या संस्थेच्या नेटवर्क प्लस या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी केली. रोज रात्री मुलगा झोपल्यावर व्हिडिओ बघायचे. सगळा कोर्स दोनदा बघून झाला, दोन वह्या भरल्या. सराव परीक्षेत तिसऱ्या वेळी ९४ टक्के पडले, म्हणून धीर करून बसले. ६८८ आले. पास व्हायला ७२० लागतात. पहिल्याच प्रश्नात खूप वेळ गेला, शेवटचे १२ प्रश्न वाचायचेच राहिले. आता ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, डम्प, म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न आणि उत्तरं, मिळतात, पाठ कर आणि मोकळी हो. दुसरी मैत्रीण म्हणते, नेटवर्किंग सोड, थेट सायबर सिक्युरिटीतलं सीआयएसएसपी कर, नाहीतर क्लाउड कर. मला खरंच कळत नाही. माझं डोकंच याच्यासाठी नाही का?”

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या ९४ टक्क्यांपाशी अडले. तुझ्या डोक्यात काही खोट नाही. खोट त्या ९४ मध्ये आहे. तेवढी एक गोष्ट उलगडली की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतील, म्हणून तिथूनच सुरू करते.

आधी ६८८ चं बघू. कॉम्पटियाचे गुण १०० ते ९०० या पट्टीवर असतात, ते टक्के नव्हेत. त्यामुळे “९०० पैकी ६८८, म्हणजे इतकं येतं आणि इतकं येत नाही” असा हिशेब मांडत बसू नकोस. त्याहून कामाची गोष्ट निकालाच्या कागदावरच छापलेली असते. ज्या ज्या मुद्द्यांवर तुझा प्रश्न चुकला, त्यांची यादी तिथे असते. तो कागद तू बहुतेक घडी घालून कुठेतरी ठेवून दिला असशील, नापास झाल्यावर तो परत बघवत नाही. तो बाहेर काढ. दोन वह्यांपेक्षा तो एक कागद जास्त मोलाचा आहे, कारण वह्यांत दुसऱ्याला काय येतं ते आहे आणि या कागदावर तुला काय येत नाही ते आहे.

आता ते ९४. तीच सराव परीक्षा तू तीनदा दिलीस. पहिल्या वेळी किती पडले होते हे पत्रात लिहिलं नाहीस, पण तुझा खरा आकडा तो पहिला. तिसऱ्या वेळेपर्यंत प्रश्नाचे पहिले चार शब्द दिसले की हात आपोआप “क” पर्यायाकडे जातो. तू त्यात लबाडी केलीस असं मी मुळीच म्हणत नाही. डोकं असंच चालतं. चार पर्याय समोर असले की त्यातला ओळखीचा चेहरा ते उचलतं. कोऱ्या कागदासमोर तोच चेहरा आठवून काढायला सांग, मग नाक कसं होतं तेही आठवत नाही. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि व्हिडिओ बघून फक्त पहिलं होतं. व्हिडिओतला शिकवणारा सांगत असताना सगळं पटतं, मान डोलते, “हो, हे मला माहीत आहे” असं वाटतं. त्या क्षणी माहीत असलेला माणूस तो असतो, आपण नाही.

यावर एक प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. म्हणजे त्याच दिवशी वाचणाऱ्याला वाटतं आपली तयारी चोख आहे, आणि आठवड्याने तोच मागे पडतो. पुढे २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरणं, या दोन सगळ्यात उपयोगी ठरल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनाने ओळी रंगवणं तळाला गेलं. तुझ्या दोन वह्यांत किती रंग आहेत ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

म्हणून तुला माझी पहिली विनंती: तिसऱ्यांदा तो कोर्स लावू नकोस. रोज रात्री तुझ्याकडे तासभर असतो असं धरू. त्यातली पहिली वीस मिनिटं कोरा कागद आणि पेन. वही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. वर लिही, “डीएचसीपी” (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा), आणि जे आठवेल ते खाली लिहीत जा. संगणकाला पत्ता कसा मिळतो, कोण आधी बोलतं, कोण उत्तर देतं, मध्ये काय काय होतं. तिसऱ्या ओळीवर अडशील. ते अडणं त्रासदायक असतं, लगेच वही उघडावीशी वाटते. उघडू नकोस. दोन-तीन मिनिटं तशीच बस, ताण दे, चुकीचं का होईना लिही. मग वही उघड आणि लाल पेनाने स्वतःचा कागद तपास. त्या अडलेल्या ठिकाणी जे वाचशील ते डोक्यात रुतून बसेल, कारण त्याची जागा तू आधीच खणून ठेवली होतीस.

सबनेटिंगचं, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे गट पाडायचं, तर मी करूनच दाखवते, कारण निम्मे लोक तिथेच हाय खातात आणि तू हिशेबातली आहेस, तुला ते सोपं जायला हवं. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता घे. हे यंत्र कोणत्या नेटवर्कात आहे? एकूण बिट ३२, त्यातले २६ नेटवर्कचे, उरले ६. दोनाचा सहावा घात ६४. म्हणजे शेवटच्या आकड्याचे ६४-६४ चे गट पडतात: ० पासून, ६४ पासून, १२८ पासून, १९२ पासून. ७७ कुठे बसतो? ६४ ते १२७ मध्ये. झालं. नेटवर्कचा पत्ता ६४, ब्रॉडकास्टचा, म्हणजे गटातल्या सगळ्यांना एकदम निरोप देण्याचा, १२७, मध्ये यंत्रांना देता येतील असे ६५ ते १२६, एकूण ६२. हे वाचताना तुला सगळं समजलं ना? तीच ती फसवी जागा. आता हा मजकूर झाकून २०० हा शेवटचा आकडा आणि /२७ घेऊन कागदावर कर, आणि वेळ लाव. पहिल्या दिवशी चार मिनिटं लागतील. रोज पाच गणितं केलीस तर दोन-तीन आठवड्यांत अर्ध्या मिनिटावर येशील. पाढे जसे अंगवळणी पडतात तसं हे पडतं, दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहायच्या कार्डांबद्दलही विचारलं असतंस, म्हणून सांगून टाकते. पोर्टचे क्रमांक, वायरलेसची मानकं, केबलचे प्रकार, असल्या सुट्या गोष्टींना कार्डं उत्तम. अंकी नावाचं ॲप आहे, संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत, ते ज्या कार्डावर तू चुकतेस ते लवकर आणि जे येतं ते उशिरा समोर आणतं. एका कार्डावर एकच गोष्ट ठेव. “डीएनएसबद्दल माहिती” (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) हे कार्ड नव्हे, तो निबंध झाला. “डीएनएस कोणत्या पोर्टवर चालतं?” हे कार्ड. आणि त्याच्या शेजारी दुसरं: “आयपी पत्त्याने पिंग लागतं, नावाने लागत नाही. आधी काय तपासशील?” पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणं. विषय तोच, डीएनएस, पण पहिलं कार्ड तुला शब्द देतं आणि दुसरं काम देतं. कार्डं स्वतः लिही, दुसऱ्याचा तयार गठ्ठा उतरवून घेऊ नकोस. कार्ड लिहिताना नेमकं काय विचारायचं हे ठरवावं लागतं, अर्धा अभ्यास तिथेच होतो.

पण कागद आणि कार्डं एवढ्यावर नेटवर्किंग येत नाही. ते हाताने करायचं काम आहे, आणि तुझ्या पत्रात प्रात्यक्षिकाबद्दल एक अक्षर नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे लॅपटॉपवरच नकली नेटवर्क मांडायचं सॉफ्टवेअर, त्यांच्या नेटवर्किंग अकादमीत खातं उघडलं की फुकट मिळतं. साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात एक राउटर, एक स्विच, तीन संगणक मांड, सगळे एकमेकांशी बोलतील इतपत जुळव. इथवर सगळे जण करतात, व्हिडिओत दाखवतात तसं. इथून पुढचा भाग कुणी सांगत नाही: आता ते मोड.

डीएचसीपी सेवा बंद कर आणि संगणकाला पत्ता मागायला लाव. थोड्या वेळाने त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळेल. व्हिडिओत तू हे ऐकलं असशील, “सर्व्हर उत्तर देत नसेल तर यंत्र स्वतःलाच असा पत्ता देतं”. पण स्वतः बंद केलेल्या सेवेमुळे तो १६९ समोर उमटलेला पाहिलास की तो आकडा जन्मभर विसरणार नाहीस. सेवा परत सुरू कर. आता एका संगणकाचा डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, चुकीचा लिही. शेजारच्या संगणकाला पिंग लागतं, राउटरपलीकडे लागत नाही. का? तोंडाने मोठ्याने सांग. मग स्विचचा एक पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचमधल्या वेगळ्या नेटवर्कात, टाक. दोन्ही संगणकांचे पत्ते बिनचूक, केबल जागेवर, दिवे हिरवे, आणि तरीही बोलणं बंद. पहिल्यांदा हे बघताना मी तासभर केबलच तपासत बसले होते, अजून आठवतं.

दर वेळी एका वहीत चार ओळी लिही: लक्षण काय होतं, मला काय वाटलं, मी काय तपासलं, खरं काय निघालं. ही तुझी तिसरी वही, आणि खरी वही हीच. नेटवर्क प्लसच्या सध्याच्या अभ्यासक्रमात बिघाड शोधण्याला २४ टक्के भार आहे, पाचही भागांत सगळ्यात जास्त. त्यांची बिघाड शोधण्याची जी पायऱ्यांची पद्धत आहे, प्रश्न नीट ओळखा, अंदाज बांधा, अंदाज तपासा, तिथपासून शेवटी नोंद करून ठेवा इथपर्यंत, ती लोक पाठ करतात. तू ती या वहीत रोज जगशील.

आणि एक सांगू? हे काम तू सात वर्षं करते आहेस. महिन्याअखेरीस दोन खाती जुळत नाहीत तेव्हा तू काय करतेस? सगळं पुन्हा पहिल्यापासून टाकत नाहीस. फरक किती आहे बघतेस, तो आकडा नऊने भागला जातो का बघतेस, म्हणजे दोन अंकांची अदलाबदल झाली असेल का, मग कुठल्या तारखेपर्यंत जुळत होतं ते शोधत मागे जातेस. कुठपर्यंत बरोबर आहे आणि कुठून चुकायला लागतं, ती सीमा गाठायची. नेटवर्कचा बिघाड अगदी असाच शोधतात. आधी स्वतःच्या यंत्राला पिंग, मग गेटवेला, मग बाहेरच्या पत्त्याला, मग नावाने. जिथे तुटतं तिथे तुझी चूक. “माझं डोकं याच्यासाठी नाही का” असं विचारलंस ना, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता डम्प. इथे मी आडपडदा ठेवणार नाही. करू नकोस. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही आणि असे चोरलेले प्रश्न वापरणार नाही, हे कबूल करूनच आपण आत जातो. उघडकीला आलं तर प्रमाणपत्र रद्द होतं, पुढच्या परीक्षांची दारंही बंद होऊ शकतात. हे झालं नियमाचं. त्याहून मला सलतं ते दुसरंच. मी बरीच वर्षं मुलाखती घेते. एकदा चार प्रमाणपत्रांचा एक मुलगा आला होता. मी विचारलं, “ऑफिसातून फोन आला, वेबसाइट उघडत नाही. काय करशील?” त्याने ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम मांडणाऱ्या नमुन्याचे, सात थर क्रमाने म्हणून दाखवले, एकही न चुकता. मी म्हटलं, बरं, पण करशील काय? तो गप्प झाला. त्याचे हात टेबलाखाली एकमेकांत गुंतलेले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहेत. त्याच दिवशी एकच प्रमाणपत्र असलेली मुलगी आली. तोच प्रश्न. ती म्हणाली, “एकट्यालाच उघडत नाही की सगळ्यांनाच?” नोकरी त्या एका वाक्यावर ठरली. त्या मुलाने डम्प पाठ केले होते की नाही हे मला ठाऊक नाही आणि मी तसा आरोपही करणार नाही. पण पाठांतर मुलाखतीच्या खोलीत किती पुरतं, ते मी त्या दिवशी बघितलं. डम्प वापरून तू पास झालीस तरी तुला पुढे त्याच खोलीत बसायचं आहे, आणि तिथे पर्याय दिलेले नसतात.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. सीआयएसएसपी ही मोठी परीक्षा आहे, पण ती सुरुवातीची नव्हे. तिच्या आठ विषयांपैकी निदान दोनांत मिळून पाच वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. पदवी किंवा ठरावीक प्रमाणपत्र असेल तर एक वर्ष सूट मिळते. अनुभव नसताना परीक्षा पास होता येते, पण तेव्हा पूर्ण प्रमाणपत्र मिळत नाही, असोसिएट म्हणून राहावं लागतं. सिक्युरिटीत जायचं असेल तर नेटवर्क प्लसनंतर सिक्युरिटी प्लस हा सरळ रस्ता आहे, आणि ज्याला नेटवर्क कळत नाही त्याला हल्ला कुठून आला हे कळणार तरी कसं? क्लाउडचंही तेच. ॲमेझॉनचं क्लाउड प्रॅक्टिशनर किंवा मायक्रोसॉफ्टचं एझेड-९०० या ओळखीच्या परीक्षा आहेत, महिन्याभरात होतील, वाईट नाहीत. पण क्लाउडमध्ये खरं काम करायला गेलीस की पहिल्याच दिवशी सबनेट समोर उभं राहतं. तुझा हा अभ्यास कुठेच वाया जाणार नाही. तू ७२० च्या दारात आहेस, आत्ता रस्ता बदलू नकोस. हे झालं की मग मोकळेपणाने ठरव. नेटवर्किंग मनापासून आवडलं तर सिस्कोचं सीसीएनए घे, ते जास्त खोल आहे. यंत्रं, सर्व्हर यांत रमलीस तर लिनक्सकडे वळ.

लिनक्सचा विषय निघाला म्हणून माझंही एक सांगते. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा पूर्ण हातांनी करायची असते, पर्याय-बिर्याय काही नाहीत. खरं यंत्र देतात आणि कामं सांगतात. केलेली सगळी मांडणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकली पाहिजे, ही त्यांची अट. पहिल्या वेळी मी फायरवॉलमध्ये सेवा उघडली, चालते आहे हे तपासलं, खूश झाले. आज्ञेत “परमनंट” हा शब्द घालायचा राहिला होता. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि माझं काम पुसलं गेलं. असं दोन ठिकाणी झालं, आणि मी नापास झाले. त्या संध्याकाळी मीही हेच म्हटलं होतं, माझं डोकं याच्यासाठी नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सरावात प्रत्येक कामानंतर यंत्र बंद-चालू करायला लागले. आज कुठल्याही सर्व्हरवर काही बदललं की माझा पहिला विचार असतो, हे रीस्टार्टनंतर टिकेल का? पास झाले असते तर ही सवय लागली असती की नाही, शंकाच आहे.

पुढच्या प्रयत्नाचं थोडं. कॉम्पटिया दुसऱ्यांदा बसायला वाट बघायला लावत नाही, १४ दिवसांची अट तिसऱ्या वेळेपासून आहे. पण तेवढ्यासाठी लगेच पुढच्या आठवड्याची तारीख घेऊ नकोस. मी तुझ्या जागी असते तर सहा ते आठ आठवडे घेतले असते, पण तारीख आजच ठरवली असती. तारीख नसली की अभ्यास लांबत जातो. निकालाच्या कागदावरचे मुद्दे पहिल्या तीन-चार आठवड्यांत एकेक करून कागदावर आणि पॅकेट ट्रेसरमध्ये उरकून टाक. नंतर विषय मिसळ. एका रात्री फक्त राउटिंग, दुसऱ्या रात्री फक्त वायरलेस असं नको, पाच प्रश्न पाच ठिकाणचे. परीक्षेत कुणी सांगत नाही की आता वायरलेसचा धडा सुरू आहे. आणि पूर्वी कधीही न दिलेली एक सराव परीक्षा बाजूला राखून ठेव, तिला आधी हातही लावू नकोस. परीक्षेच्या दहा दिवस आधी ती दे, वेळ लावून. त्या पहिल्याच वेळी ८५ च्या आसपास पडले तर निर्धास्त जा. हा ८५ माझा अनुभवाचा आकडा आहे, नियम नव्हे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला, आणि अंदाजाने बरोबर आलेल्यालाही, चारही पर्यायांसमोर एकेक ओळ लिही: हा का बरोबर, हे तीन का नाहीत.

तुझे १२ प्रश्न वाचायचे राहिले, त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण त्यात अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. सुरुवातीला बहुधा ते मोठे, करून दाखवायचे प्रश्न येतात आणि नवा माणूस तिथेच अडकतो. वाच, खूण कर, पुढे जा. छोटे प्रश्न संपव आणि उरलेल्या वेळात परत ये. कॉम्पटियाच्या परीक्षेत मागे जाता येतं. मात्र पुढे सीसीएनएला बसलीस तर लक्षात ठेव, तिथे मागे जाता येत नाही. आणि घरून परीक्षा देऊ नकोस. मुलगा लहान आहे, दार ढकलून खोलीत आला तर परीक्षा तिथेच थांबवू शकतात. केंद्रावर जा.

नोकरीचं खरं खरं सांगते. प्रमाणपत्रामुळे तुझा अर्ज ढिगातून वर येतो, बोलावणं येण्याची शक्यता वाढते. पुढचं तुला करावं लागतं. पहिलं काम बहुधा हेल्पडेस्कचं किंवा नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षातलं असेल, पाळ्या असतील, आणि सात वर्षांच्या अनुभवानंतर पुन्हा सगळ्यात धाकटी म्हणून बसावं लागेल. हे घरच्यांशी आधीच बोलून ठेव. पण बाहेर अर्ज करण्याआधी आत बघ. तुझ्या कंपनीत आयटी सांभाळणारं कुणीतरी आहेच. त्यांना सांग, मी शिकते आहे, हिशेब विभागातला पहिला फोन मी घेत जाऊ का? कुणाचा प्रिंटर सापडत नाही, कुणाचं सॉफ्टवेअर सर्व्हरला जोडलं जात नाही, ते तू आधी बघ. हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या जागेवरून कसं दिसतं हे आयटीतल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. तुला आहे. अर्जात ते लिही, लपवू नकोस. आणि मुलाखतीला ती तिसरी वही घेऊन जा. “गेल्या दोन महिन्यांत मी हे तीस बिघाड स्वतः केले आणि शोधले” असं म्हणून कुणी वही पुढे ठेवली, तर मी तरी तिला लवकर उठू देणार नाही.

आज रात्री व्हिडिओ नको. कोरा कागद घे आणि हे कर: १०.२०.३७.२००/२१. नेटवर्कचा पत्ता कोणता, ब्रॉडकास्टचा कोणता, मध्ये यंत्रं किती बसतील? उत्तर मी इथे देत नाही. मला पाठव, खाडाखोड आणि आकडेमोड सगळं तसंच ठेवून, आणि वर परीक्षेची तारीख लिही.